बदकांचा मांडव

चातुर्मास बसला त्या दिवशी बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, बायकांची अशी दाटी झाली की उपाध्यांना हातातली वाटी टेकवायला जागा मिळेना. जिनं तिनं चार महिन्यांसाठी काहीतरी सोडायचं, असा रिवाज. एकीनं वांगं सोडलं, तिला वांगं आवडतच नव्हतं. एकीनं दूध सोडलं, तिची म्हैस आटली होती. एकीनं चप्पल सोडली आणि किती जणींनी ऐकलं ते लगेच इकडंतिकडं बघून घेतलं. अशी सोडासोड होत होत पाळी राजमतीआक्कावर आली.

सोडणार काय? बाविसाव्या वर्षी नवरा गेला, त्याच दिवशी लोकांनी तिच्याकडून सगळं सोडवून घेतलं होतं. बांगड्या सोडवल्या, रंगीत लुगडं सोडवलं, लग्नकार्यात पुढं उभं राहणं सोडवलं. कांदा-बटाटा घरात नव्हताच. रात्रीचं जेवण नव्हतं. दही तिनं एका साली सोडलं, गूळ दुसऱ्या साली, आणि गुऱ्हाळवाल्याच्या घरात राहून गूळ सोडायचा म्हणजे काय, ते सोडणाऱ्यालाच ठाऊक. चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईच्या अंगावर पांढरं लुगडं आणि ताटात भात-आमटी, एवढंच उरलं होतं. पण उपाध्ये थांबले होते, बायका बघत होत्या, जाऊ रत्नाबाई कोपरानं ढोसत होती. आक्काच्या तोंडून निघून गेलं, "चार महिने माती खणणार न्हाय."

उपाध्ये खूश झाले. पावसाळ्यात मातीत जीव फार, म्हणाले, नियम चांगला आहे. मग त्यांनी तो नीट समजावून सांगितला. आपण खणायचं नाही, दुसऱ्याकडून खणून घ्यायचं नाही, आणि कुणी खणत असेल तर त्याला बरं केलंस असंही म्हणायचं नाही. आक्कानं हात जोडले. तिला कुठं विहीर पाडायची होती?

चौऱ्याहत्तर साल ते. कोल्हापुरातून कळंब्याला जाताना तळ्याच्या अलीकडं, रस्त्याच्या डाव्या हाताला, उसाला खेटून त्यांचं घर. पुढं बसाउठायचा सोपा, मागं मोठं परडं. घराचा कारभारी महावीर, आक्काचा धाकटा दीर. गावात त्याला सगळे महावीरअण्णा म्हणत आणि तोही अण्णा असल्यासारखाच चाले, पोट पुढं आणि मान मागं. घर त्याचं, ऊस त्याचा, गुऱ्हाळ त्याचं, रेडिओ त्याचा. रत्नाबाईची निदान पेटी तरी होती. आक्काची बदकं होती.

ती आली कशी, तेही सांगायला पाहिजे, कारण जैनाच्या घरात बदकं म्हटल्यावर लोक अजून भुवया चढवतात. तळ्याच्या कामावर गोव्याकडचा एक ओव्हरसियर होता. त्याची बदली झाली. एक नर आणि पाच माद्या अशी सहा बदकं घेऊन तो दारात उभा राहिला आणि चार दिवस सांभाळा म्हणाला. त्या चार दिवसांना आता दोन वर्षं झाली होती. महावीरनं सुरुवातीला बरीच कुरकुर केली, पण दारात आलेला जीव हाकलायचा कसा, या एकाच गोष्टीवर तो अडला. शेवटी त्यानं हुकूम काढला. बदकं परड्यात राहतील, अंडं उंबऱ्याच्या आत येणार नाही, आणि घरातलं कुणी अंड्याला हात लावणार नाही. मग अंडी पडायची तिथंच राहायची. केळीच्या बुडाशी, अळवात, धुण्याच्या दगडाखाली. कावळे काही फोडायचे, काही तशीच सडायची, आणि सगळं घर नाक वर करून तिकडं न बघता वावरायचं.

आक्काला मात्र त्या सहा जणांनी वेड लावलं होतं. सकाळी तिनं परड्याचं दार उघडलं की सहाच्या सहा ओळ धरून, मागचं अंग हलवत, तक्रारी सांगत तिच्याकडं यायची. बावीस वर्षांत त्या घरात तिच्याकडं बघून कुणाला एवढा आनंद झाला नव्हता. ती खाली बसली की नर तिच्या पदराची गाठ ओढायचा. आक्का हसायची. मोठ्यानं हसायची. विधवा बाई परड्यात एकटीच हसते, म्हणून रत्नाबाईनं एकदा तिची दृष्टही काढली होती.

नागपंचमी झाली आणि दुसऱ्याच दिवशी, चांगल्या लख्ख उन्हात, मुंगसानं एक मादी मारली. मुंगूस दिसणं शुभ, असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी ते परडं बघायला यायला पाहिजे होतं. धुण्याच्या दगडावर रक्त, अळवात पिसं, आणि बाकीची पाच केळीत माना घालून मुकी झालेली. नेमका तेव्हाच महावीर बस्तीतून पूजा करून आला, धुतलेल्या धोतरानिशी मागच्या दाराशी आला आणि त्याचा पाय रक्तात पडला.

त्यानं आरडाओरडा केला नाही. सोप्यात बसून त्यानं थंडपणे सांगून टाकलं. भाद्रपदात दशलक्षण पर्व, चार प्रतिष्ठित माणसं घरी जेवायला येणार, त्यांच्यासमोर परड्यात रक्तमांस चालायचं नाही. आणखी एक बदक मेलं की उरलेली सगळी रविवारच्या बाजारात.

"आणि बाजारात त्यास्नी काय पुजायला नेणार हायत व्हय?" आक्कानं विचारलं.

"तिथं काय हुतंय ते आपण बघायला जात न्हाय, वैनी," महावीर म्हणाला.

असला धर्म पाळणारी माणसं या जिल्ह्यात बैलगाड्या भरून मिळतील. डोळे मिटले की पाप दुसऱ्याचं. आक्का परड्यात गेली. तिनं दगड धुतला, पिसं गोळा केली आणि शेजारच्या जोतीरामला हाक मारली.

जोतीराम उद्यमनगरात एका फौंड्रीत मोल्डर होता. दिवसभर काळ्या वाळूत साचे करायचा आणि संध्याकाळी सायकलवरून येताना अंगावरची निम्मी वाळू रस्त्याला वाटत यायचा. हात सोन्याचे आणि तोंड गटाराचं. आक्कासमोर तेवढं तो तोंड आवरायचा, म्हणजे शिवीचं पहिलं अक्षर उच्चारून बाकीची गिळायचा. त्यानं परडं बघितलं, कुंपणाची भोकं बघितली आणि उपाय सांगितला. कणकेच्या गोळीत औषध घालून ठेवायचं, दोन दिवसात मुंगूस उताणं. आक्का नको म्हणाली. मग चाप लावू म्हणाला. आक्का नको म्हणाली. बरं, मग बंदोबस्तच करू. चहूबाजूनं जाळी, वर जाळी, आणि जाळी दोन हात जमिनीत गाडून टाकू. मुंगूस उकरतंय, त्याला खालनंच अडवायला पाहिजे.

"खणायचं न्हाय," आक्का म्हणाली.

"तुम्ही कशाला खणताय? मी खणतो की."

"तूबी खणायचं न्हाय. आणि तू खणलंस तर मी बरं म्हणायचं न्हाय."

जोतीरामनं सायकलच्या दांडीवर डोकं टेकवलं. "आम्ही वर्षातनं एक दिवस खणत न्हाय, नागपंचमीला. तुम्ही चार महिने. आणि तेबी औंदाच बरं सुचलं तुम्हाला."

"सोडायला दुसरं काय शिल्लकच नव्हतं रं," आक्का म्हणाली. ती हे चेष्टेनं म्हणाली, पण जोतीराम त्यावर हसला नाही. त्यानं कुंपणाची भोकं परत एकदा मोजली आणि म्हणाला, शनिवारी सुट्टी लवकर होते, तोवर पाचांनाबी घरात कोंडा.

घरात म्हणजे कुठं? आक्काच्या खोलीत. तीन दिवस आक्का आणि पाच बदकं एका खोलीत राहिली. त्या वासाचं वर्णन करत बसत नाही. रत्नाबाई नाकाला पदर लावून जेवण वाढायची, आणि पहाटे नर ओरडला की महावीर पलीकडच्या खोलीतून खाकरायचा.

शनिवारी जोतीराम हातगाडी घेऊन आला. गाडीवर मालकाला विचारून आणलेलं भंगार होतं: वाळू चाळायच्या जुन्या जाळ्या. फौंड्रीतली ती जाळी काही कोंबड्यांच्या खुराड्याची नव्हे. जाड तार, चौकोनी घर, बोटाचं पेर जाईल एवढंच. एका कोपऱ्याला फाटली की फौंड्रीच्या कामाला निरुपयोगी, पण तिच्यातून मुंगसाचं नाकसुद्धा पुरं जात नाही. खांबांचा प्रश्न होता. खड्डा न घेता खांब उभा करायचा कसा? सिमेंट तर परमिटावर, आणि परमिट देणारा साहेब जाग्यावर सापडणं त्याहून दुर्मिळ. जोतीरामनं तो विचार रस्त्यातच करून ठेवला होता. गल्लीत गणपतीचा मांडव डांबरी रस्त्यावर उभा राहतो, तो काय रस्ता फोडून? रॉकेलच्या चौकोनी डब्यात बांबू उभा करायचा आणि डबा वाळूनं ठेचून भरायचा. असे दहा डबे, दहा बांबू, वर आडवे बांबू. म्हणजे तो मांडवच झाला. फक्त गणपतीऐवजी बदकं.

"हाललं तर?" आक्कानं विचारलं.

"सोळा वर्षं वाळू ठेचतोय मी. हाललं तर मला मांडवाला बांधा."

दोघांनी मिळून तारा ओढल्या. आक्कानं पक्कड पहिल्यांदाच हातात धरली होती. बायंडिंगची तार पिळताना सुरुवातीला तिची बोटं सोलली, मग तिला त्याची गंमत कळली. एका टाक्यासारखाच टाका. गोधडीला घालतो तसाच, फक्त लोखंडाचा. संध्याकाळपर्यंत तिनं जोतीरामला मागं टाकलं, आणि तो उगाच म्हणत राहिला की घाईत पिळलेली तार सुटते. तिची एकही सुटली नाही, त्याच्या दोन सुटल्या.

पाण्याची सोय आक्कानं स्वतःच्या डोक्यानं केली. गुऱ्हाळामागं एक जुनी काहील पालथी पडली होती. उसाचा रस आटवायची ती मोठी लोखंडी कढई, बूड जळून पातळ झालेली, कामातून गेलेली. आक्कानं महावीरला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो विचार करतो म्हणाला असता, आणि त्याचा विचार दिवाळीपर्यंत चालला असता. जोतीरामनं तालमीतले चार पैलवान आणले. चौघांनी काहील डोक्यावर पालथी घेतली आणि भर रस्त्यानं चालू लागले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, आठ पायांचं कासव निघालंय. बसमधली माणसं खिडकीतून बाहेर निघाली. एका पावण्यानं ओरडून विचारलं की आत काय हाय, तेव्हा आतून उत्तर आलं, तुझी सासू हाय. बूड डांबरानं लिंपलं, पायरीला दोन दगड लावले, घागरी ओतल्या. पाच बदकं काहिलीच्या काठावर चढली, थोडं थांबली, आणि मग एकापाठोपाठ एक आत पडली. पाणी उडालं ते थेट जोतीरामच्या तोंडावर. नरानं तर पाण्यात उभं राहून पंख असे झाडले की जोतीरामनं तिथल्या तिथं त्याचं नाव फौजदार ठेवलं.

चार दिवस सगळं झकास गेलं. पाचव्या दिवशी आक्का सकाळी आली आणि जाळीशी वाकली. जाळीच्या बुडाशी, उसाच्या बाजूला, एक बीळ. ताजी माती बाहेर पडलेली. बीळ जाळीखालून आत निघालं होतं. तिनं पाच मोजली. परत मोजली. पाचही काहिलीच्या मधोमध पाण्यात गोळा होऊन बसली होती, जागची हलायला तयार नव्हती. रक्त कुठं नव्हतं. कोपऱ्यात दोन अंड्यांची टरफलं मात्र चाटून स्वच्छ केलेली पडली होती.

फौंड्रीला निघालेल्या जोतीरामला तिनं रस्त्यातच थांबवलं. तो आत आला, टरफल उचललं, वास घेतला.

"आक्का, राग यायचा न्हाय ना?"

"बोल."

"मुंगूस बदकांसाठी आलंच नव्हतं. अंड्यांसाठी येतंय. दोन वर्षं तुम्ही त्याला वाढून ठेवताय, रोज, बसल्या जागी. एक दिवस अंडं घावलं न्हाय म्हणून त्यानं बदक धरलं. तुम्हीच बोलावलंय त्याला."

आक्का मांडवाच्या एका डब्यावर बसली. दोन वर्षं घरातल्या सगळ्यांनी हात शुद्ध ठेवले होते. कुणी अंड्याला शिवलं नाही, कुणी बघितलंसुद्धा नाही. आणि त्या शुद्ध हातांनीच मुंगसाला घरची वाट लावून दिली होती. ती मादी कुणी मारली, मुंगसानं की या न शिवण्यानं? आक्का असा प्रश्न मनात ठेवून बसणारी बाई नव्हती. ती उठली, काहिलीच्या आडोशाला गेली आणि तिथलं एक अंडं उचललं.

कोमट होतं. तिला वाटलं होतं, अंगावर काटा येईल, काहीतरी अमंगळ वाटेल. तसलं काही झालं नाही. लहान मुलाच्या टाळूला हात लावावा तसं ते ऊबदार होतं. तिनं सगळीकडून गोळा केली, आठ भरली. सडकी पाण्यात तरंगली ती बाजूला केली, चांगली सहा उरली. एक मादी गेले काही दिवस कोपऱ्यात पिसं पसरून हटून बसत होती, कुणी जवळ गेलं की फिस्कारत होती. आक्कानं वेताची पाटी घेतली, पेंढा घातला आणि सहा अंडी तिच्यात ठेवून पाटी त्या मादीपुढं सरकवली. मादीनं आधी आक्काच्या मनगटाला कडकडून चावा घेतला आणि मग पाटीत चढून बसली. बाकीच्यांनी लवकरच पिसं गाळायला सुरुवात केली आणि अंडी घालणंही थांबवलं, म्हणजे तोही प्रश्न मिटला.

राहिलं बीळ. उघड्यावर अंडी नसली म्हणून काय झालं, मुंगसाला आता पत्ता माहीत होता. जोतीराम म्हणाला, आता तरी खणू द्या, उपाध्यांना मी सांगतो. आक्का म्हणाली, उपाध्यांचा संबंधच काय? बोललेली मी. तिनं बीळ एका दगडानं बंद केलं आणि जाळीभोवती फिरू लागली. काय शोधत होती ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. उसाच्या बाजूलाच, बिळापासून चार हातांवर, जाळीचा एक जादा तुकडा जाळीला लागून आडवा पडून राहिला होता. त्याच्यावर चिखल होता आणि चिखलात नखांचे ओरखडे होते. भरपूर ओरखडे. पण बीळ नव्हतं.

आक्का त्या ओरखड्यांपुढं उकिडवी बसली. मुंगूस आधी इथं आलं होतं. जाळीला नाक लागलं, तसं त्यानं जाळीच्या पायाशीच उकरायला घेतलं. खाली तार लागली, उकरेना. मग पुढं सरकलं आणि जिथं नुसती माती लागली तिथं बीळ पाडलं. दोन हात मागं जाऊन तिथून उकरावं, ही अक्कल त्याला नव्हती. अडलं की अडलेल्या जागीच नखं मारायची. आक्काच्या ओळखीची बरीच माणसं अशीच होती.

"जोतीराम," ती म्हणाली, "जाळी गाडायची कशाला? बाहेरच्या बाजूनं जमिनीवर हांथरायची. परकराच्या घोळासारखी."

जोतीरामनं ओरखडे बघितले, बीळ बघितलं, परत ओरखडे बघितले. मग त्यानं शिवीचं पहिलं अक्षर उच्चारलं आणि या खेपेला पुढची अक्षरंही बाहेर पडली. ही मुंगसाला होती की स्वतःला, ते सांगणं कठीण.

दुसरी हातगाडी आली. मांडवाच्या चारही बाजूंना दोन-दोन हात रुंद जाळी जमिनीवर पसरली, उभ्या जाळीला टाक्यांनी जोडली. आता कडांवर दगड ठेवायचे, म्हणजे पावसात गवत वर येईल आणि जाळी आपसूक जमिनीला धरून बसेल. आक्का घमेल्यानं दगड वाहू लागली. एवढ्यात मागच्या दारात महावीर येऊन उभा राहिला. काहिलीबद्दल त्याचा राग आठ दिवस आत मुरत होता, आता त्याला वाट सापडली. दगड उचलला की खालचे जीव उघडे पडतात, म्हणाला. ठेवला की चिरडतात. हा नियमभंगच आहे, खणणं काय आणि हे काय. पंचांना कळलं तर घराण्याची शोभा होईल. असलं बरंच बोलला, आणि जोतीरामकडं बघत बोलला, जसं काही आक्का तिथं नव्हतीच.

आक्कानं घमेलं खाली ठेवलं.

"भाऊजी, गेल्या आठवड्यात खालच्या पट्टीत आडसाली उसाच्या सऱ्या सोडल्या. चार बैलं, दोन नांगर, तीन दिवस. त्या मातीत जीव नव्हते व्हय?"

"ती शेती हाय. पोटाचा धंदा हाय."

"मग हे माझं पोट हाय समजा," आक्का म्हणाली. "दगड ठेवायच्या आधी मी जागा झाडून घेतीय. तुमचा गडी सरी सोडायच्या आधी झाडतोय का, विचारून या."

महावीर पाय आपटत आत गेला. बावीस वर्षांत वैनीनं त्याला एवढं लांब वाक्य ऐकवलं नव्हतं. जोतीराम पाठ फिरवून तार पिळत बसला. त्याचे खांदे हलत होते. खरोखरच आक्का मऊ केरसुणी घेऊन प्रत्येक दगडाची जागा आधी झाडत होती, मुंग्या बाजूला सारत होती, मग दगड बाळाला निजवावं तसा टेकवत होती. दीडशे दगड. त्याला दोन दिवस लागले. जोतीराम म्हणाला, मुंगूस तोवर म्हातारं होऊन मरंल.

दशलक्षण आलं. तिसऱ्या दिवशी महावीरकडं जेवणं होती. बस्तीच्या पंचांतले सगळ्यात कडक जयपालअप्पा आले, बरोबर आणखी पाचसात जण. महावीरनं सकाळपासून तयारी केली होती. बदकांचा मांडव दिसू नये म्हणून मागच्या दाराला सतरंजी लावली होती. सतरंजीनं दिसणं थांबतं, ओरडणं थांबत नाही. जेवणं होऊन मंडळी सोप्यात टेकली, सुपारी फिरली, अप्पा क्षमाधर्मावर बोलत होते, आणि मागं फौजदारानं एकाएकी असा कल्ला केला की अप्पांच्या हातातली सुपारी खाली पडली.

"काय हाय ते?" अप्पांनी विचारलं.

महावीर काही नाही, काही नाही म्हणत होता, तोवर अप्पा उठले आणि सतरंजी बाजूला सारून उभे राहिले. त्यांच्यामागं सगळी माणसं. महावीरचा चेहरा चुन्यासारखा झाला, कारण उसाच्या बाजूला, चांगल्या उजेडात, मुंगूस आलं होतं.

आक्का धुण्याच्या दगडाजवळ उभी होती. तिनं हातात काठी घेतली नाही की हुसकावलं नाही. जाळी टिकते की नाही, ते तिला कळायला पाहिजे होतं. नाही टिकली तर रविवारचा बाजार होताच.

मुंगूस जाळीच्या घोळावरून सरसर चालत आलं, नाक उभ्या जाळीला टेकवलं आणि तिथंच उकरायला लागलं. नखं तारेवर खरखर वाजली. थांबलं. जरा पुढं सरकलं, परत खरखर. पूर्ण बाजू झाली, कोपरा वळून दुसरी बाजू झाली. बदकं काहिलीच्या मध्यभागी कालवा करत होती आणि पाटीतली मादी मान उंच करून जागची हललेली नव्हती. तिसऱ्या बाजूला मुंगूस चिडलं. शेपूट फुगवून बांबूवर चढलं, वरच्या जाळीवर आडवं पडून खाली बघू लागलं. सोप्यातली सगळी माणसं आता परड्यात उतरली होती. खासबागच्या मैदानात कुस्तीच्या शेवटच्या जोडीला माणसं बसतात तशी श्वास रोखून उभी होती. मुंगसानं वरून जाळीतून पंजा घातला, पेरभर गेला, अडकला. मोठ्या मुश्किलीनं सुटला. ते खाली उतरलं, चौथी बाजू निम्मी उकरली, मागच्या दोन पायांवर उभं राहून एवढ्या माणसांकडं बघितलं, आणि उसात निघून गेलं.

पहिल्यांदा कोण हसलं असेल? महावीर. आधी नाकातून एक आवाज निघाला, मग पोट हलायला लागलं, मग तो बांबूला धरून हसत सुटला. भीती गेली की माणूस असाच हसतो. त्याच्यामागून अप्पा हसले, मग सगळे. रत्नाबाई दारात पदर तोंडावर धरून हसत होती. आक्कानं डोळे पुसले आणि पाच मोजली. पाच होती.

जयपालअप्पांनी मांडवाला एक फेरी मारली. वाकून घोळ बघितला, दगड बघितले, डबे बघितले. खणलं नाही कुठं, मारलं नाही कुणाला, म्हणाले, हे डोकं कुणाचं?

"आम्हीच केलं की, अप्पा," महावीर म्हणाला. "आमची बदकं हायत."

"बदकं माझी हायत," आक्का म्हणाली.

ती हे हळूच म्हणाली, पण परड्यात तेव्हा कुणीच बोलत नव्हतं. महावीरनं खाली बघितलं. अप्पांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि म्हणाले, व्हय बाई, तुझीच हायत. रविवारच्या बाजाराचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

पर्व संपल्यावर चार दिवसांनी पाटीतून आवाज आला. सहापैकी पाच निघाली. पिवळी, ओली, डोळे मिचकावणारी, आणि अंग वाळलं न वाळलं तोवर आईमागं काहिलीकडं निघालेली. आक्कानं त्यांच्यासाठी फळीचा उतार लावला. सगळी गल्ली बघायला लोटली. जोतीराम फौंड्रीतल्या सहा जणांना घेऊन आला आणि टाके दाखवताना आक्काचे टाके आपले म्हणून दाखवायला लागला. आक्कानं त्याचे सुटलेले दोन दाखवून दिले.

महावीरही माणसं घेऊन यायचा. एका रविवारी सांगलीकडचे पावणे आले होते. त्यांना घेऊन तो मांडवाच्या दाराशी उभा राहिला. दाराला आतून-बाहेरून तारेची अशी काही अडकण होती की ती एकट्या आक्काला निघायची. महावीरनं दोनदा ओढून बघितली. आत आक्का डब्यावर बसली होती आणि पाच पिल्लं तिच्या पायांवर चढाई करत होती.

"वैनी, दार उघडता का?" तो म्हणाला. "पावण्यास्नी आत यायचं हाय."

आक्कानं आधी पिल्लं एकेक करून बाजूला ठेवली. घाई केली नाही. मग अडकण काढली.

"चपला काढून या," ती म्हणाली.

आत सगळीकडं बदकांची घाण होती. महावीरला ती दिसत होती, पावण्यांनाही दिसत होती. महावीरनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि चपला काढल्या.